फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड

उरणजवळच्या आमच्या करंजात टक्केवारी कुणाला शिकवावी लागत नाही. 1984 च्या जानेवारीत जमिनीसाठी झालेल्या आंदोलनात पाच माणसं गेली, त्यानंतर उरण-पनवेलकरांच्या पदरात गेलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत, हा आकडा पडला. शाळेत ज्याचं शेकडेवारीचं एक गणित सुटलं नाही, तोसुद्धा साडेबारा टक्क्यांत चार भावांचा नि दोन बहिणींचा वाटा किती चौरस मीटर, हे तोंडी सांगतो. त्यामुळे गेल्या वर्षी, 2025 च्या फेब्रुवारीत, नाखवांच्या नातवाला जेईई मेनमध्ये 97 पडले असं कळलं, तेव्हा गावाने त्याचा अर्थ तडकाफडकी लावला आणि संध्याकाळच्या आत बॅनर लागला.

बॅनर वीस फुटी. वर मोठ्या अक्षरांत ‘97 टक्के! आयआयटी फिक्स!’, मध्ये नेत्याचा हात जोडलेला फोटो, खाली अठरा शुभेच्छुक, त्यातले चार दहावीलाच थांबलेले. पोरगा उजव्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ.

मला राहवलं नाही. चार बुकं शिकल्याचा हा तोटा. नाखवांना म्हटलं, “हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. म्हणजे शंभर पोरांतली 97 आपल्या मागे नि तीन पुढे.”

“तीनच पुढं? मंग चौथा आपलाच की!”

नाखवांचं गणित चोख होतं, फक्त शंभरावर थांबलेलं होतं. त्या वर्षी परीक्षेला बसलेली पोरं होती सुमारे 14 लाख 75 हजार. शंभराला तीन या भावाने पुढे उभे 44 हजार. आणि देशातल्या तेवीसच्या तेवीस आयआयटींच्या जागा मिळून 18 हजार 160. पवईच्या आयआयटीतलं कॉम्प्युटर सायन्स तर खुल्या गटात पहिल्या सत्तरातच संपतं. नाखवांनी ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि विचारलं, “मंग बॅनर उतरवायचा का?” मी म्हटलं, राहू द्या. बॅनरवरचे अठरा जण रागावतील.

तिथून पुढे गावात एकच प्रश्न: चान्स कितपत? अमेरिकेत म्हणे हार्वर्डला शंभर पोरं अर्ज करतात, तीन-चार घेतात, आणि मग तिकडची मासिकं मुलांवरच्या ताणाबद्दल हळहळतात. आमच्याकडे मेनपासून मोजलं तर शंभरी सव्वा. सव्वा हा आकडा आपण देवीपुढे ठेवतो, त्यामुळे हळहळायचं कारण नाही.

चान्सचे अंदाज बांधणारे घरोघरी निघाले. मोबाइलवरच्या प्रेडिक्टरने आधी नाव विचारलं, मग बापाचा नंबर, मग 63 टक्के सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बापाला दिवसाला सहा खासगी कॉलेजांचे फोन. आत्याने द्रोणागिरी देवीला नारळ बोलला, तिच्या हिशेबाने शंभर टक्के. कामोठ्याच्या मामाने “पवईत आपला माणूस आहे” असं सांगितलं. चौकशीअंती तो माणूस पवईत आहे हे खरं निघालं, पण तळ्याच्या या बाजूला, सोसायटीच्या गेटवर. एकटा जुना तांडेल तेवढा गप्प होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “भरती कवा ते मी सांगीन. जाळ्यात काय गावंल ते सांगणारा मना आजवर भेटला नाय.” त्याचा सल्ला फुकट असल्यामुळे कुणी मनावर घेतला नाही.

विकतचा सल्ला पनवेलच्या क्लासात मिळे. पोरगा तिथे दोन वर्षं जात होता. कॉलेज एकीकडे, शिकवणी दुसरीकडे. एकीकडे हजेरी लागते, दुसरीकडे पोरगा असतो. याला इंटिग्रेटेड म्हणतात. फीचा आकडा ऐकून नाखवांनी पहिल्याच दिवशी शांतपणे विचारलं होतं, “यात इंजिन येतं का नुसती होडी?” काउन्सेलर बाईंनी सांगितलं, टॅब्लेट येतो. दोन वर्षं पोरगा पहाटे रिक्षा, मग उरणची गाडी, मग बदली गाडी असा जायचा. 2024 च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत आली तेव्हा गावाने पेढे वाटले, आणि पोराच्या वाट्याला झोपेची वीस मिनिटं वाढली. जेईईच्या कुठल्याही सूत्रात ही वीस मिनिटं धरलेली नाहीत. पर्सेंटाइल मात्र दशांशानंतर सात घरांपर्यंत काढतात.

मग आला दाखला. आरक्षणाच्या जागेसाठी नॉन-क्रीमी लेअर हवा. तोही राज्याचा वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. नाखवा आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी कामात वेळेआधी धावले. दोन खेपा, झेरॉक्सचा गठ्ठा, आणि मार्चमध्ये दाखला हातात. घरात गोडधोड झालं. एप्रिलमध्ये पोराने नियम वाचून दाखवला: आयआयटीसाठी मेननंतरची जी परीक्षा, त्या अॅडव्हान्स्डसाठी दाखला 1 एप्रिल किंवा त्यापुढच्या तारखेचाच लागतो. मार्चमध्ये जो क्रीमी नव्हता तो एप्रिलपर्यंत क्रीमी झाला नाही कशावरून? सरकारची शंका रास्तच होती. मधल्या काळात बोंबलाला भाव आला असता तर? नाखवा पुन्हा रांगेत उभे राहिले. पुढचा माणूस म्हणाला, “आजा, उशीर केलात.” नाखवा म्हणाले, “नाय रं, लवकर आलतो.”

18 मेला अॅडव्हान्स्ड झाली. 1 जूनपासून मासेमारी बंदी, 2 जूनला निकाल. हे वेळापत्रक ज्याने बांधलं त्याला करंजाची खडान्‌खडा माहिती असावी. जुलैअखेरपर्यंत बोटी बंदरात, आख्खं गाव रिकामं, आणि त्याच दिवसांत जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या, प्रवेशफेऱ्या. अॅडव्हान्स्डला दोन्ही पेपर दिलेले 1 लाख 80 हजार, पात्र 54 हजार 378. त्यांत आमचा पोरगा नव्हता. आत्या म्हणाली, नारळ नासका निघाला होता. मामाने पवईच्या माणसाचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण मेनचे गुण होते, एनआयटीची दारं उघडी होती. जाळी विणत बसलेल्या पंधरा माणसांसमोर पोराने लॅपटॉप उघडला आणि समजावलं. जागा मिळाली की तीन पर्याय: फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं त्यात समाधान. फ्लोट म्हणजे ही जागा धरून ठेवायची आणि कुठेही याहून बरी मिळते का बघायचं. स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, पण वरची शाखा मिळाली तर सरकायचं.

पहिल्यांदाच गावाला या प्रवेशातलं काही कळलं. “फ्रीज म्हंजे बर्फात घालायचा,” एक जण म्हणाला. “फ्लोट म्हंजे नांगर न टाकता उभं रायचं.” “आन स्लाइड म्हंजे आपला धक्का!” पावसात त्या शेवाळलेल्या धक्क्यावरून न घसरलेला माणूस करंजात सापडायचा नाही. दोन वर्षं टॅब्लेटवर जे शिकवलं गेलं नाही, ते जाळ्याच्या गाठी मारता मारता सर्वांना समजलं. नाखवांनी निकाल दिला: “बंदीत बोट बाहेर काढू नये. फ्रीज कर.”

मिळालं होतं दूरच्या एका एनआयटीत सिव्हिल. ऐकल्यावर सगळ्यांच्या माना खाडीकडे वळल्या. पलीकडे रेवस. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून या खाडीवरच्या पुलाच्या गोष्टी गावाने ऐकल्या. तीन पिढ्या लाँचमधून ये-जा करत त्या एकमेकांना सांगितल्या. त्या पुलाचा चान्स मात्र कुणी कधी टक्क्यांत काढला नाही. “सिव्हिल म्हंजे पूलच ना रं?” तांडेलाने विचारलं. पोरगा पहिल्यांदा हसला.

जुलैत मुसळधार लागली तेव्हा मी बंदरावर गेलो होतो. नाखवांची बोट वर ओढलेली, आणि इंजिनावर घट्ट बांधलेला तो वीस फुटी बॅनर. नेत्याचे जोडलेले हात घडीत गेले होते, शुभेच्छुक खालच्या अंगाला चिखलात. कोपऱ्यातला पोरगा तेवढा वर आला होता.

“फ्लेक्स कामाला आला म्हणायचा,” मी म्हटलं.

नाखवांनी दोरीची गाठ ओढून पाहिली. “97 टक्के पानी अरवतो,” ते म्हणाले. “इंजिन गंजतं ते उरल्याल्या तिनानं.”