दुटप्पी यंत्राची कैफियत

मौजे पिपरी मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, या आमच्या वसतिस्थानाची अवस्था मुळातच द्विधा आहे. घरपट्टी आम्ही ग्रामपंचायतीत भरतो, म्हणजे त्या पावतीपुरते आम्ही ग्रामस्थ; परंतु किमान ५,००० वस्ती, कमावत्या पुरुषांपैकी शेकडा ७५ जण शेतीबाहेरच्या धंद्यात आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसांची दाटी या तिन्ही कसोट्यांस गाव उतरल्यामुळे जनगणना खात्याच्या दप्तरी आमची नोंद ‘जनगणना नगर’ अशी आहे, म्हणजे त्या तक्त्यापुरते आम्ही नागरिक. नळाला पाणी आले नाही की आम्ही खेडे असतो आणि प्लॉटचा भाव सांगताना शहर. अशा गावात हयात घालवलेल्या माणसास एकाच देहात दोन जन्म भोगणाऱ्या यंत्राविषयी मत देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो, अशी माझी नम्र समजूत आहे. शिवाय महसूल खात्यातून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे कोणत्याही प्रकरणाच्या दोन्ही बाजू तपशीलवार मांडून निर्णय मात्र वरिष्ठांवर सोपविण्याचा मला दीर्घ सराव आहे.

प्रकरणाचा उगम असा. माझी नात सावंगी मेघे येथे वैद्यकीचे शिक्षण घेत असून आमच्याकडेच राहते. तिने एका रात्री जेवताना, भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगावे त्या स्वरात, ‘आबा, मला टू-इन-वन लॅपटॉप लागेल,’ असे निवेदन केले. चौकशीअंती कळले ते असे की, हा लॅपटॉपच, परंतु त्याचा पडदा पाठीमागे ३६० अंशांत फिरून कळफलकाच्या पाठीला पाठ लावतो आणि त्या क्षणापासून स्वतःस टॅबलेट म्हणवून घेतो. दुसऱ्या एका जातीत कळफलक सरळ उपटून बाजूलाच ठेवता येतो. ही कल्पना नातीला वाटते तितकी कोवळी नाही. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये ‘टॅबलेट पीसी’चा डंका पिटला तेव्हा एका खुंटीवर गिरकी घेणारे पडदे बाजारात आलेच होते. पुढे २०१२ साली लेनोव्होने आपल्या पाठ मोडून वळणाऱ्या यंत्राचे नामकरण, पतंजलींची पूर्वपरवानगी न घेता, ‘योगा’ असे केले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पाठीला टेकू व पुढ्यात सुटा कळफलक लावून ‘सरफेस’ उभा केला.

गुणांची बाजू प्रथम मांडतो, कारण कैफियतीत वादीस आधी बोलू देण्याचा प्रघात आहे. सामान्य लॅपटॉप घडविणाऱ्याने मनाशी एक असा मनुष्य कल्पिलेला असतो, जो खुर्चीवर बसतो, टेबलावर यंत्र ठेवतो आणि काम संपेपर्यंत तेथून हलत नाही. असा मनुष्य मी कचेरीतसुद्धा फारसा पाहिलेला नाही; घरात तर नाहीच. सकाळी ओसरीवर सतरंजी, दुपारी कूलरच्या झोतात बाज, संध्याकाळी अंगणातला झोपाळा आणि रात्री पुन्हा बाज, अशी ज्या देहाची दिनचर्या, त्याला बिजागरीवर हवा तसा वाकणारा पडदा हा मोठाच दिलासा आहे. नातीच्या मैत्रिणीचे असले एक यंत्र सुट्टीत आमच्याकडे मुक्कामास होते, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ते तंबूसारखे उभे करून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले. या आसनात कळफलक मागल्या बाजूस जातो, फोडणीचे शिंतोडे कळांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत, आणि कणकेने माखलेल्या हातांचे एक बोट स्वच्छ राखले की पाककृती पुढे सरकविता येते. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक तर ते पूर्ण उलटे करून बाजेवर आडवे पडले आणि अग्रलेखाची अक्षरे दोन बोटांनी मोठी करून वाचीत असता, चष्मा छातीवर ठेवून, इतके प्रसन्न झोपी गेले की यंत्र परत मागावयास कोणी धजेना.

आता प्रतिवादी. या यंत्राचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. लॅपटॉप म्हणून ते हलके आणि टॅबलेट म्हणून ते पाटा, असा हा विलक्षण पदार्थ आहे. एका हाताने धरून उताणे पडून वाचणाऱ्याने आपल्या नाकाचा बंदोबस्त आधी करावा. उलटे केल्यावर कळा खालच्या बाजूस येतात, आणि त्या निष्क्रिय होतात हे खरे असले तरी बोटांस त्या लागतच राहतात. टेकूवर उभ्या राहणाऱ्या जातीला तर खाली सपाट व कठीण भूमी लागते. नवारीच्या बाजेवर तो टेकू असा रुततो आणि यंत्र असे मागे कलंडते, की वाचकाने उठून त्याला सावरावे व पुन्हा पडावे, हाच मुख्य व्यवसाय होऊन बसतो. उभ्या पडद्याला वारंवार हात लांबवून स्पर्श केल्याने दंड भरून येतो, ही तक्रारही जुनी आहे. स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० साली याच कारणास्तव लॅपटॉपच्या उभ्या पडद्याला हात लावण्याची कल्पनाच मोडीत काढली होती. त्यांना बाजेची कल्पना नव्हती, परंतु दंडाची होती.

उष्म्याचा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदास पात्र आहे. यांपैकी कित्येक यंत्रांच्या माहितीपत्रकात, सहसा कोणी वाचत नाही अशा पानावर, वापरण्याजोगे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस असे छापलेले असते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. याचा कायदेशीर अर्थ लावावयाचा झाल्यास चैत्रापासून मृगापर्यंत आमच्या जिल्ह्यात भरदुपारी हे यंत्र चालविणे अनधिकृत ठरते. पातळपणाच्या हव्यासाने काहींतून पंखाही काढून टाकलेला असल्यामुळे ती तापली की शांतपणे आपला वेग कमी करतात. या बाबतीत मात्र यंत्रात आणि अस्सल वैदर्भीयात मला तत्त्वतः भेद दिसत नाही.

येथवर आल्यावर दोन्ही पारडी समसमान झाली, आणि असा पेच पडला की पूर्वीचे हुकूम धुंडाळावे ही आमच्या खात्याची शिस्त. आमच्यापासून सायकलीच्या टप्प्यात सेवाग्राम आहे. घडी होणाऱ्या यंत्रांविषयी या मुलखाला कोणी नव्याने शिकवावे असे काही उरलेले नाही, कारण येरवड्याच्या तुरुंगात ज्याला आकार आला तो पेटीचरखा येथे शाळकरी मुलांनीही चालविलेला आहे: दोन चाके, चाते आणि माळ एका लाकडी पेटीत निजवावी, झाकण लावावे आणि कडी धरून रेल्वेत चढावे. पेटी मिटली की चरखा फक्त लहान होतो, आपण आता हार्मोनियम झालो असा दावा तो करीत नाही. परंतु मला हवा होता तो दाखला याहूनही जुना. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते, आणि त्याच्या अटी इतक्या चोख होत्या की तसा मसुदा मला उभ्या नोकरीत साधला नसता. यंत्र हलके व सहज नेता येण्याजोगे असावे. झोपडीत ते हाताने वा पायाने चालावे. एखाद्या स्त्रीला विशेष श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. ते वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांपलीकडे जाऊ नये.

याच अटी मी नातीच्या यंत्रास लावून पाहिल्या. सलग आठ तासांचे अभिवचन बॅटरीच्या खोक्यावर आढळते, परंतु ते पडद्याचा उजेड मिणमिणता ठेवणाऱ्या आणि काहीच काम न करणाऱ्या इसमास उद्देशून असावे. वीस वर्षांच्या अटीपाशी तर हसूच आले. जुलै २०१५ मध्ये जन्मलेल्या विंडोज १० चा सांभाळ तिच्या जन्मदात्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविला; म्हणजे लाकूड-सूत शाबूत असले तरी आत्मा दहा वर्षांतच सेवानिवृत्त, आणि तोही निवृत्तिवेतनाविना. दुरुस्तीची अट सर्वांत घातक, कारण या यंत्रांत वरची काच, स्पर्श जाणणारा थर आणि चित्र दाखविणारा थर बहुधा चिकटवून एकजीव केलेले असतात. कोपऱ्याला तडा गेला तरी सगळे पटल बदलावे लागते, आणि त्या देयकाशी शेकडा पाचाचे काही नाते उरत नाही. दीडशे रुपयांविषयी बोलणे सभ्यतेस धरून नाही. यंत्रास अपात्र ठरवून मी निकाल लिहिला, सहीदेखील केली, आणि मग स्मरण झाले की ते एक लाखाचे बक्षीस त्या काळी कोणत्याच चरख्याला मिळाले नव्हते, तरी सूत कातणे काही थांबले नव्हते.

तेव्हा एवढे सगळे बाजूस सारून मी नातीला विचारले की, तुला त्यातले नेमके काय हवे आहे? तिने उत्तर न देता लेखणी काढली आणि मैत्रिणीच्या त्या यंत्रावर मानवी हाताच्या पंजातली हाडे काढून दाखविली: लहानलहान आठ, मनगटापाशी, एकमेकांत अडकलेली, प्रत्येकाच्या बाजूला तिच्या तिरप्या अक्षरांत नाव. चुकले ते पुसले, शिरा निळ्या केल्या, धमन्या तांबड्या. मी थक्क झालो तो शरीरशास्त्रामुळे नव्हे. समासात हाताने शेरा लिहिता येणे हे ज्याच्या नोकरीचे सर्वस्व होते, त्याला कळफलकाच्या राज्यात समास परत मिळाल्याचे ते दर्शन होते. वेलांट्या, रफार, जोडाक्षरे, कशासाठीही कळ शोधावी लागत नव्हती. माझे मत आता स्पष्ट आहे: ज्याला पडद्यावर हाताने लिहावयाचे वा रेखाटावयाचे आहे, त्याने हे दुटप्पी यंत्र खुशाल घ्यावे आणि बाकीचे दोष त्या लेखणीच्या खात्यावर माफ करावेत; ज्याला केवळ टंकलेखन आणि बाजेवर चित्रपट एवढेच कर्तव्य आहे, त्याने साधा लॅपटॉप व स्वस्तातला टॅबलेट अशी दोन यंत्रे घ्यावीत. खर्च बहुधा जुळतो, आणि एक बिघडले तरी दुसरे जामीन राहते.

वर्ध्याच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा मी विक्रेत्यास बिजागरीच्या हमीविषयी, सुट्या लेखणीच्या किमतीविषयी आणि ३५ अंशांच्या त्या कलमाविषयी क्रमाने प्रश्न विचारले. ‘काकाजी, एवढा विचार काहून करून राहिले?’ असे म्हणून त्याने नमुन्याचे यंत्र उलटे वळवून लेखणीसह माझ्या हाती दिले. सवयीने मी डाव्या समासात लिहिले: ‘मंजूर. चरखा संघाच्या अटींस अधीन राहून.’ खाली सही, तारीख. अक्षर बरे आले होते. त्याने ते कौतुकाने पाहिले, बोटाच्या एका फटकाऱ्याने पान कोरे केले आणि विचारले, ‘कार्ड का यूपीआय?’