चालतंय ना, मग झालं!

आमच्या आप्पांनी आयुष्यात एकही माणूस तोडला नाही. वस्तू मात्र पुष्कळ खोलल्या. बंद पडलेली वस्तू आतून पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

आप्पा परळच्या गिरणीत फिटर. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून कान गेले, असं ते सांगत. पण ते फक्त आईच्या बोलण्यापुरते. पंखा जरा वेगळा कुरकुरला की झोपेतून उठून बसत.

आईला बघायला गेले, तेव्हाही पोह्यांच्या बशीआधी त्यांची नजर छताच्या पंख्याकडे गेली. “अडीचचा कंडेन्सर गेलाय,” हे सासरच्या माणसांशी त्यांचं पहिलं वाक्य. मुलगी पसंत आहे का, हे विचारेपर्यंत ते स्टुलावर चढले होते. आजोबांनी लग्नाला होकार दिला तो स्टूल धरूनच.

18 जानेवारी 1982ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर आप्पाही घरी बसले. म्हणजे बसले नाहीतच. चाळीतले स्टोव्ह, इस्त्र्या, रेडिओ आमच्या खोलीत मुक्कामाला आले. पैसे कोणाकडेच नव्हते. स्टोव्हच्या पिनेला वाटीभर तांदूळ, इस्त्रीच्या कॉइलला गावचा नारळ, असा दर पडला. एका रेडिओबरोबर सुकटीची पुडी आली; पुढे कित्येक दिवस त्यातून बातम्यांना सुकटीचा वास येत होता.

त्याच वर्षी दिल्लीच्या एशियाडबरोबर टीव्ही रंगीत झाला. चाळीतला मात्र काळापांढराच. आप्पांनी त्यावर वर निळा, खाली हिरवा प्लास्टिकचा कागद चिकटवला. मैदान झकास दिसे. फक्त बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. कोणी कुरकुरलं तर आप्पांचं ठरलेलं उत्तर, “चालतंय ना, मग झालं!”

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या हिशोबाने आप्पा शेवटपर्यंत संपावरच होते. इतकं राबणारा संपकरी गिरणगावाने दुसरा पाहिला नसेल.

आम्हा भावंडांना त्यांनी कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. पण ताईच्या सासरी गेले की “कशी आहेस?” न विचारता थेट मोरीत जाऊन नळ तपासत. नळ गळत नसेल तर पोरगी सुखात आहे. गळत असेल तर खिशात वायसर असेच. जावयाकडे मात्र दिवसभर संशयाने बघत.

आप्पा गेल्यावर वायरिंग बघायला एक तरुण इलेक्ट्रिशियन आला. बोर्ड उघडून बराच वेळ बघत राहिला.

“आजी, हे कोणी केलंय?”

“का? चालतंय ना?”

“चालतंय. पण चालायला नको.”

“मग हात लावू नकोस,” आई म्हणाली. “आणि मोरीत जायचं असेल तर दिव्यासाठी बेलचं बटण दाब. पुन्हा कधी आलास तर कडी वाजव.”