मुलाखत की सोयरीक?

अहिल्यानगर जिल्ह्यात नोकरीची मुलाखत आणि स्थळाची चौकशी या दोन विधींमधील सीमारेषा इतकी पुसट आहे की, पदव्यांची भेंडोळी घेऊन गेलेल्या उमेदवाराने सोबत पत्रिकाही न्यावी की काय, असा प्रश्न अभ्यासकास पडतो. "गाव कोणतं?" हा पहिला प्रश्न दिसावयास निरुपद्रवी आहे; परंतु क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याची उत्तर कालव्यांवर पोसलेली आणि दक्षिण आभाळाकडे डोळे लावून बसलेली असल्यामुळे, कोपरगाव किंवा जामखेड एवढे उच्चारताच उमेदवार बागायती, म्हणजे पाटपाण्याचा, की जिरायती, म्हणजे पावसावरचा, याचा निवाडा समितीच्या मनात होऊन जातो. त्यापाठोपाठ येतो "पाहुणे कोण?" हा प्रश्न. येथे पाहुणे म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेली घराणी होत; आणि ज्या जिल्ह्यात सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणाला 'सोधा' असे सुटसुटीत नाव मिळाले आहे, तेथे टंकलेखनाच्या वेगापेक्षा मामाचे आडनाव वजनदार ठरले, तर नवल नाही.

उमेदवार स्त्री असल्यास चौकशी थेट माजघरात शिरते. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीसाठीच्या छापील अर्जात तर विवाहित स्त्रियांना मासिक पाळी आणि गर्भारपण यांचा तपशील भरावा लागे. याच अर्जावरून झालेल्या नीरा माथूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. संविधानाच्या अनुच्छेद १६(२) नुसार धर्म, जात, लिंग, जन्मस्थान, निवासस्थान इत्यादी कारणांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. कुतूहलावर याहून जालीम औषध सापडणे कठीण.

तथापि प्रत्येक खासगी प्रश्नामागे एखादा रास्त प्रश्न दडलेला असू शकतो. "मुलं किती लहान आहेत?" याऐवजी "रात्रपाळी जमेल का?" असे विचारावे, आणि ते स्त्री-पुरुष सर्वांना विचारावे. उरलेल्या प्रश्नांची कसोटी सोपी आहे: उत्तराने निवड बदलणार नसेल, तर प्रश्न वायफळ, आणि कामाशी संबंध नसताना बदलणार असेल, तर अन्याय्य. एवढ्यावरही ज्या समितीची जिज्ञासा शमत नसेल, तिने आधी नेमणूकपत्र हाती द्यावे आणि मग चहा मागवून पाहुण्यांची खुशाल चौकशी करावी.