डिग्री

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता नागपुरात कोणी कोणाचं दार वाजवत नाही. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली गेलेली असतात. अशा वेळी आमची कडी वाजली तर मी ‘कोण’ म्हणून विचारत नाही. पडल्या जागेवरून सांगतो, ‘एकोणचाळीस.’

‘हॉल की बेडरूम?’ बाहेरून आवाज येतो.

‘हॉल.’

‘कूलर सुरू करून की बंद ठेवून, काका?’

मग मात्र उठावं लागतं.

हा डिग्री. घरी त्याला दुसरं नाव आहे, पण ते आता फक्त आधार कार्डावर उरलं आहे. डिग्री म्हणायला दोन कारणं. सकाळी डोळे उघडल्यापासून पोट्टा तापमानाशिवाय बोलत नाही, आणि इंजिनिअरिंगची डिग्री चार विषयांत अडकून पडली आहे. त्या चारांतला एक विषय हीट ट्रान्स्फर आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासमोर कोणी बोलत नाही.

त्याच्याकडे गेमिंगचा कॉम्प्युटर आहे. सुटे भाग जमवून स्वतः जोडलेला, काचेच्या पेटीतला, आत गणपतीच्या मांडवासारखे रंगीत दिवे. गेमिंगचा म्हणायचा, पण त्यावर डिग्रीला खेळताना मी पाहिलेलं नाही. पडद्यावर तापमानाचा आलेख असतो आणि कोपऱ्यात कुठलीशी लढाई आपली आपण चाललेली असते. लढाई कशाला, तर चिप तापावी म्हणून. चूल पेटल्याशिवाय धूर मोजता येत नाही.

या छंदाला त्याची खोलीही शोभते. मानेवाड्याकडे घराच्या वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. ज्यांनी नागपुरात वरच्या मजल्यावर मे काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दिवसभर ऊन पिऊन बसलेला तो स्लॅब रात्री अकराला ते सावकाश ओकायला लागतो. डिग्रीकडे कोरोनाच्या काळातली कपाळावर रोखायची ती बंदूक आहे. एका दुकानदारानं फुकट दिलेली. ती माणसांसाठी बनवलेली, त्यामुळे त्रेचाळीसच्या आसपास तिचे आकडे संपतात आणि ती इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘हाय’ दाखवते. स्लॅबवर रोखली, हाय. खिडकीच्या गजावर, हाय. कॉम्प्युटरच्या मागे, हाय. इतकं मनापासून विव्हळणारं यंत्र दुसरं नसेल.

नागपूरच्या उन्हाचा लोकांना त्रास होतो, डिग्रीला अभिमान आहे. मे २०१३ मधले ४७.९ अंश तो घरातल्या कोणाचं लग्न सांगावं तसे सांगतो, आणि नवतपा लागायच्या आधी, २५ मेच्या तोंडावर, त्याच्या अंगात एक उत्साह येतो. मे २०२४ च्या शेवटी तर त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवला होता. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. छप्पन्न! बातमी देशभर गेली. डिग्री गल्लीत घरोघर सांगत सुटला. पुढे हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता, बाकी ठिकाणी पारा चव्वेचाळीसच्या आसपासच होता. चार दिवस डिग्रीचा चेहरा उतरलेला. मग मला समजावून म्हणाला, ‘काका, सेन्सरचा दोष नसते. माझ्या मदरबोर्डावर एक सेन्सर आहे, त्याला काही जोडलेलंच नाही. तो कायम १२७ दाखवते. मी त्याला काही बोलत नाही.’

आता त्याचा मूळ प्रश्न. चिप तापते, तिला गार ठेवायचं. त्याच्या चिपची हद्द ९५ अंश. तिथं पोचली की ती स्वतःच पाय ओढत चालायला लागते. गार ठेवायचे मार्ग दोन, आणि जगातले सगळे गेमिंगवाले त्यावरून दोन पंथांत विभागलेले आहेत. हवापंथी म्हणतात, चिपवर धातूच्या पत्र्यांचा मनोरा बसवा, त्याला पंखा लावा, संपला विषय. पाणीपंथी म्हणतात, चिपवरून नळीनं पाणी खेळवा आणि ते तीन पंख्यांच्या रेडिएटरमध्ये निववा. हवापंथीयांचं दैवत ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा तो दोन मनोऱ्यांचा कूलर, पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर, पंखे काथासारखे तपकिरी. पाणीपंथीयांकडे दिवे जास्त असतात.

डिग्री वर्षभर कुठल्याच पंथात गेला नाही. तुलना करत होता. परदेशी परीक्षकांचे आकडे वहीत उतरवायचा आणि खूश व्हायचा: ‘काका, अडुसष्ट! फुल लोडवर अडुसष्ट!’ शेवटी बर्डीवरच्या एका दुकानदारानं त्याला जमिनीवर आणलं. ‘भाऊ, त्यांची खोली किती डिग्रीची?’ वहीत बारीक अक्षरात होतं, २१. ‘आणि तुमची?’ एक्केचाळीस. ‘मग वीस त्यात घाला. अठ्ठ्याऐंशी झाले. हवा घ्या का पाणी घ्या, खोलीपेक्षा थंड कोणीच करून देत नाही.’

याला डेल्टा म्हणतात. चिप आणि खोली यांच्यातला फरक. कूलर चांगला की वाईट हे त्या फरकावरून ठरतं, नुसत्या आकड्यावरून नाही. युरोपातला आकडा नागपुरात आणला की त्याला खोलीचा कर भरावा लागतो. एवढं साधं गणित, पण डिग्री त्या दिवशी घरी पायी आला, मोबाइल न बघता.

त्याचे बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. उभा जन्म गाड्यांच्या रेडिएटरसोबत गेला. पाणी की हवा हा प्रश्न त्यांच्यापुढे गेला तेव्हा ते शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, ‘पाणी म्हंजे हमाल आहे बे. इथलं ओझं उचलते अन् तिथं नेऊन टाकते. टाकाची जागाच गरम असन, तं हमाल काय करन?’

इतका स्वच्छ खुलासा मी कुठं वाचलेला नाही. पण हमालाचा एक गुण ते विसरले असं डिग्रीचं म्हणणं: हमाल ओझं पेटीच्या बाहेर नेतो. बाबा म्हणाले, ‘बाहेर म्हंजे कुठं? तुयाच खोलीत ना?’ साडेचारशे वॅट वीज खाणारा कॉम्प्युटर म्हणजे खोलीत तेवढाच हीटर लावल्यासारखं, मग ती उष्णता हवेनं काढा की पाण्यानं. डिग्रीला हे पटलं, त्यामुळे तो चिडला.

शेवटी तो हवापंथी झाला, पैशांमुळे. आईला म्हणाला, ‘तीन हजार दे, कूलर घ्यायचा आहे.’ आई हरखली. आमच्याकडे कूलर म्हटला की लोखंडी पत्र्याचा, माणूस मावेल एवढा, तीन बाजूंना ताट्या, खिडकीबाहेर घोडीवर बसलेला. तो जुना गंजलाच होता. संध्याकाळी पोरगं चपलांच्या खोक्याएवढं खोकं घेऊन आलं. माउली खोक्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘यात पाणी कुठून भरायचं?’

कूलर बसवायचा सोहळा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. चिपवर आधी एक करडं मलम लावतात, उष्णता नीट वर जावी म्हणून. ते तांदळाच्या दाण्याएवढं घ्यावं, असं शास्त्र. डिग्री ट्यूब हातात धरून थांबला आणि खाली हाक मारली, ‘आई, तांदूळ कोणता?’

‘चिन्नोर. का रे?’

‘आणि बासमतीचा केवढा असतो?’

दोन्हींचे दाणे वर आले. मलम सरासरीनं लागलं. कूलर बसला, स्क्रू आवळले, लढाई सुरू झाली, आणि तापमान चढत चढत ९५ वर जाऊन बसलं. जुन्या फुकटच्या पंख्यावर होतं तेवढंच.

पुढचे पंधरा दिवस त्या घरानं काय भोगलं ते थोडक्यात सांगतो. मलम दोषी ठरलं, मग सिमेंट रोडच्या कामाची धूळ, मग चिपचा कारखाना. बाटलीत बर्फ गोठवून ती काचेच्या पेटीशेजारी ठेवून झाली. बाटलीला पाझर फुटून वही भिजली. मग त्याला गणित सुचलं. एक लिटर पाणी वाफ होताना पावणेसातशे वॅट-तासांच्या आसपास उष्णता शोषून घेतं. कॉम्प्युटर साडेचारशे वॅटचा. म्हणजे ताशी पाऊण लिटर पाणीसुद्धा नको! ‘एक तांब्या,’ आई म्हणाली. तिथून तो घरच्या गंजक्या कूलरवर आला.

आणि खरं सांगायचं तर ती कल्पना मूर्ख नव्हती. मेमधल्या कोरड्या हवेत नागपुरी कूलर जे करतो ते पाहून परगावचा माणूस चाट पडतो. भट्टीसारखी झळ ताटीच्या एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं वाळ्याच्या वासाची गार हवा बाहेर येते. ताटीवर पाण्याची धार सुटली की आधी पत्रा कडकड वाजतो, मग पंपाची टपटप ऐकू येते, आणि कपाळावरचा घाम असा अचानक थंड होतो की आजही मी पहिल्या दिवशी डोळे मिटून उभा राहतो. यंत्र बिनअकलेचं, पण अट एकच: दार उघडं ठेवा, नाहीतर ओल खोलीतच कोंडते.

डिग्रीनं काचेची बाजू काढून पेटी थेट कूलरच्या तोंडाशी ठेवली. आकडा ९५ वरून ८४ वर आला. गल्लीत संत्रा बर्फी वाटली गेली. मी विचारलं, ‘अरे, दमटपणाचं काय?’ तर म्हणाला, ‘काका, वाफ गरम वस्तूवर साचत नसते.’ हे अगदी बरोबर. पण जुना कूलर नुसती वाफ फेकत नाही, लहर लागली की थेंबही फेकतो, आणि आमच्या बोअरचं पाणी असं की बादलीवरही पांढरा थर धरतो. तिसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्डावर मिठाचे ठिपके उमटले, जणू कोणी त्यावर कैरी खाल्ली. बाबा एवढंच म्हणाले, ‘कूलरपुढं टीव्ही ठेवते का कोणी?’

त्या रविवारी पुसण्यासाठी सगळं उघडलं. स्क्रू बाबांनी काढले. पोराचा हात थरथरत होता. त्यांनी कूलरचा मनोरा उपडा केला, चष्मा कपाळावर सरकवला, तळाला नख लावलं आणि उकडलेल्या बटाट्याची साल काढावी तसा एक पातळ पारदर्शक कागद ओढून काढला. अर्धं मलम त्यालाच चिकटलेलं. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बसवण्यापूर्वी काढावा.

‘हे ठेवाचं असते का काढाचं?’ बाबांनी विचारलं. खरोखरच विचारलं, टोमणा नव्हता.

डिग्रीनं बंदूक उचलली, स्वतःच्या कपाळाला लावली, आकडा न बघता खाली ठेवली.

कागद निघाल्यावर तापमान ८२ वर आलं, कुठल्याही लोखंडी कूलरशिवाय. मग त्यानं चिपचं व्होल्टेज थोडं उतरवलं आणि लढाईतली चित्रं सेकंदाला किती निघावीत यावर लगाम घातला, ७३. काचेच्या जागी जाळीचं झाकण बसवलं, ७१. हे सगळे उपाय मिळून नव्या कूलरच्या निम्म्याइतकेही महाग पडले नाहीत. तरी पोरगं उदास. ज्याला दहा-दहा तास आलेख बघायची सवय, त्याला सरळ रेष म्हणजे शिक्षा. दोन दिवस आमची कडी वाजली नाही. मला दुपारी झोप लागेना.

मग कोणालाही न सांगता डिग्री खेळायला लागला. पण खोलीचा कर त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. त्यानं चोवीस तासांची नोंद घेतली आणि स्लॅब सगळ्यांत गार केव्हा असतो ते शोधलं: पहाटे चार ते सहा. तेव्हा खोली एकतिसावर असते, चिप साठाच्या आसपास, आणि पंखे इतके हळू फिरतात की आवाजच येत नाही. रंगीत दिवे त्यानं बंद केले. उगाच दोन-चार वॅटची भर. दाराखालून फक्त पडद्याचा मंद पांढरा उजेड दिसतो.

बाबा साडेचारला उठतात, अंबाझरीला फिरायला जाण्याआधी जिन्यात थांबतात, तो उजेड बघतात आणि चप्पल हातात घेऊन खाली उतरतात. परवा चहाच्या टपरीवर मला म्हणाले, ‘सर, पोट्टा सुधरला. रोज चार वाजता उठून हीट ट्रान्स्फर करून राहिला.’

मी हो म्हटलं. खोटं तर काहीच नव्हतं. परीक्षा होईपर्यंत तुम्हीही काही बोलू नका.