अर्धे भरा, मोकळे व्हा

चलानाविरुद्ध लढलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. चलान कमी करून आणलेले मात्र शेकड्याने भेटतात. ‘चार हजारांचं होतं, दोनात मिटवलं,’ असं छाती पुढे काढून सांगतात, जणू तुळशीबागेत जाऊन आले. सिग्नल तोडला होता की नव्हता, हे त्यांना कुणी विचारत नाही. विचारलंच तर विचारणारा आगाऊ ठरतो.

सल्ल्याला मात्र तोटा नाही. मोबाइलवर चलानाचा मेसेज आला की सोसायटीच्या ग्रुपवर विधी महाविद्यालय भरतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, भरू नका, सहा महिन्यांनी आपोआप रद्द होतं. बी विंगमधला आयटीवाला म्हणतो, आजच भरा, नाहीतर वॉरंट येईल. सेक्रेटरींच्या मेहुण्याची ट्रॅफिकमध्ये ओळख असतेच. आरटीओबाहेर छत्रीखाली बसलेला एजंट काहीच म्हणत नाही, नुसता गाडीचा नंबर मागतो. मग कुणीतरी तो नेहमीचा फॉरवर्ड टाकतो, की गाडीची किल्ली काढून घ्यायचा अधिकार मामांना नाही. फॉरवर्ड टाकणाऱ्याने प्रत्यक्ष चौकात, मामांचा हात किल्लीवर असताना, हे वाक्य उच्चारल्याचं ऐकिवात नाही. तिथे त्याचं सगळं कायद्याचं ज्ञान ‘साहेब, जरा बघा ना’ या चार शब्दांत मावतं.

वकिलाला विचारावं, असं या मंडळींत एकालाही सुचत नाही. आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. महाराष्ट्रात हेल्मेटचं चलान पाचशेचं. वकिलाच्या केबिनमध्ये नुसतं टेकायचं म्हटलं तरी त्याहून जास्त जातात. एका वकीलसाहेबांना मी विचारलं, चलानाची केस घ्याल का? ते म्हणाले, ‘घेईन की. पण माझा सल्ला विचाराल तर पाचशे भरा आणि माझी फी वाचवा. या सल्ल्याचे पैसे नकोत.’

आता कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण तो ग्रुपवर कुणी टाकत नाही. ई-चलानावरची रक्कम ही शिक्षा नव्हेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची ती तडजोडीची रक्कम आहे. सरकार म्हणतं, एवढे द्या, आम्ही कोर्टात जात नाही. तुम्हाला मान्य नसेल तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जायला हवं आणि तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर असते. कॅमेऱ्यातला फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केलेला १६७अ हा नियम आणखी पुढे जातो. कॅमेरा प्रमाणित असला पाहिजे, कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी रस्त्यावर दिसली पाहिजे, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत निघाली पाहिजे. हवालदाराने स्वतःच्या खिशातला मोबाइल काढून मागून फोटो टिपायचा आणि सवडीने चलान करायचं, हा तर आपल्याकडचा नित्याचा प्रकार. तो थांबवा, असं परिपत्रक जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनाच काढावं लागलं.

आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका? ते अर्धे बरोबर निघतात. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, असं पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ सांगायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४ सांगतं. काकांचा ‘आपोआप’ तेवढा चुकीचा. पुरेसं कारण दिसलं तर झालेला उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे. शिवाय हा मुद्दा कोर्टात मांडायला आधी प्रकरण कोर्टात जायला हवं ना! ते जातच नाही. ॲपवर चार-चार वर्षांपूर्वीची चलानं तशीच ‘अनपेड’ म्हणून बसलेली असतात. ना खटला, ना माफी.

हे असं का, याचं उत्तर सोपं आहे. खटला दोघांनाही नको असतो. सरकारला वसुली हवी आहे आणि वाहनचालकाला सुटका. एका चलानासाठी हवालदाराला साक्षीला उभं करणं पोलिसांना परवडत नाही, एका चलानासाठी अर्धा दिवस रजा टाकणं आपल्याला परवडत नाही. मग दोघं मिळून लोकअदालतीत भेटतात.

लोकअदालत ही चांगली संस्था आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, कोर्ट फी नाही, वकिलाची सक्ती नाही. भावाभावांतला बांधाचा वाद तिथे एका बैठकीत मिटतो, हे खरं. पण चलानाच्या बाबतीत तिचा सेल झाला आहे. एका लोकअदालतीतला हा संवाद माझ्या कानांनी ऐकलेला. टेबलापलीकडे मंडळी बसलेली, बाजूला कार्ड स्वाइप करायचं मशीन घेऊन शिपाई, अलीकडे रांग. रांगेतल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी पिशवीतून कागद काढला. चलानावरच्या फोटोची छपाई होती, शाई फिसकटलेली, पण गाडी स्पष्ट दिसत होती. काळी मोटारसायकल, वर दोन तरुण, दोघांचीही डोकी उघडी. नंबर मात्र गृहस्थांच्या पांढऱ्या स्कूटरचा.

‘साहेब, ही गाडीच माझी नाही.’

‘काका, अर्धे भरा ना, मोकळे व्हा.’

‘अहो, पण मी केलंच नाही ते!’

‘म्हणूनच तर अर्धे.’

काकांनी भरले. मागची रांग खोळंबली होती आणि रांगेतल्या चौघांनी त्यांना तसंच सुचवलं.

आता यातली गंमत अशी की लोकअदालतीला कुणाला निर्दोष ठरवताच येत नाही. तिथे फक्त समझोता होतो, आणि तो झाला की त्यावर अपील नाही. समझोता नाकारला तर प्रकरण कोर्टाकडे परत जातं. म्हणजे ज्याने सिग्नल तोडला त्याला निम्मी सूट आणि ज्याने नाही तोडला त्याला निम्मा दंड. दोघंही समाधानाने बाहेर पडतात, हे आणखी विशेष.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून कुणी महाराष्ट्राला नावं ठेवू नयेत. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत चलानांवर ७५ टक्के सवलत दिली. लोकांनी रांगा लावल्या. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा सवलत आली, या वेळी दुचाकींना ८० टक्के. मधल्या काळात ज्या भाबड्यांनी चलान आलं त्याच दिवशी पूर्ण रक्कम भरली, त्यांच्याइतका मूर्ख माणूस त्या राज्यात दुसरा नसेल. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत ५० टक्के सोडले. दर थोड्या वर्षांनी सेल लागतो हे एकदा कळलं की चलान हे दंड राहत नाही. ते थकबाकी होतं, आणि थकबाकी कशी थकवायची हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

शिक्षेला भाव असला की घासाघीस होणारच. पण लायसन्सला भाव नाही. आणि इथेच आपल्या कायद्यात एक मजेशीर तरतूद झोपून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ड असं म्हणतं की हेल्मेटशिवाय दुचाकी चालवली तर एक हजार दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. ‘आणि’, ‘किंवा’ नव्हे. ट्रिपल सीटलाही तेच, कलम १९४क. तडजोडीची रक्कम भरली म्हणजे लायसन्सवरची कारवाई टळली असंही नाही, कलम २०० मध्येच तसं परंतुक घातलेलं आहे. ही तरतूद पुण्यात एक आठवडा जशीच्या तशी राबवली तर सोमवारी निम्मं शहर पीएमपीच्या थांब्यावर उभं दिसेल. बसही तेव्हाच वाढतील म्हणा.

राबवत नाहीत, म्हणून वकील लागत नाही. लायसन्स निलंबित करायचं तर आरटीओला आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तशी कलम १९ मध्येच सोय आहे. टॅक्सीवाला, ट्रकवाला, घरोघर जेवण पोचवणारा पोरगा, यांची रोजीरोटी त्या सुनावणीवर असते. खरा कायद्याचा सल्ला तिथे हवा. तिथे ते बिचारे एकटे जातात, नाहीतर छत्रीखालच्या एजंटाला घेऊन.

ब्रिटनमध्ये हे उलटं आहे. तिथे दंड होतोच, पण त्याबरोबर लायसन्सवर पॉइंट चढतात. वेगमर्यादा मोडली की कमीत कमी तीन. तीन वर्षांत बारा झाले की किमान सहा महिने गाडी बंद. नवख्याचं तर पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंटांतच लायसन्स जातं. पॉइंट अर्धे भरून मोकळं होता येत नाही. त्यामुळे वकिलांचा धंदा जोरात. निक फ्रीमन नावाचे एक वकील तर ‘मिस्टर लूपहोल’ म्हणूनच ओळखले जातात आणि त्यांनी ते बिरुद ट्रेडमार्क करून घेतलं आहे. आपल्याकडच्या वकिलाला साधी जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई, तिथे पळवाट नोंदणीकृत!

या फ्रीमन यांनी १९९९ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांना सोडवलं. साहेबांनी मोटरवेच्या कडेच्या बंद पट्टीवरून गाडी हाकली होती. बचाव असा, की पोट बिघडलं होतं, घाई होती. कोर्टाने मानलं. हीच सबब आपल्याकडेही रोज कुणी ना कुणी मामांना सांगतो, पण शपथेवर सांगण्याइतकं धैर्य कुणाकडे नाही. २०१८ मध्ये डेव्हिड बेकहॅम ४० मैलांच्या रस्त्यावर ५९ च्या वेगाने बेंटली चालवताना सापडला. वेगाबद्दल वादच नव्हता. पण नोटीस चौदा दिवसांत पोचायला हवी, ती एक दिवस उशिरा पोचली. सुटला. पुढच्या वर्षी गाडी चालवताना मोबाइल हातात धरल्याबद्दल सहा पॉइंट बसले, लायसन्सवर सहा आधीचे होते, बारा भरले आणि सहा महिन्यांची बंदी आली. तेव्हा नोटीस वेळेवर गेली असावी.

आपल्या १६७अ नियमातही पंधरा दिवस आहेतच. पण आपल्याकडे नोटीस वेळेवर निघूनही पोचत नाही, कारण आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर गाडी विकणाऱ्या शोरूमच्या पोऱ्याचा. त्याने ती नोकरी केव्हाच सोडलेली.

पॉइंटची पद्धत भारतात आणायची बोलणी दिल्लीत अधूनमधून होतात. आणावी. मात्र आणण्यापूर्वी दिल्लीकरांनी ख्रिस ह्यून यांची कथा वाचावी. हे गृहस्थ पुढे ब्रिटनचे ऊर्जामंत्री झाले. २००३ मध्ये त्यांची गाडी कॅमेऱ्यात वेगात सापडली. त्यांचं लायसन्स जाण्याच्या बेतात होतं, म्हणून गाडी बायको चालवत होती असं लिहून दिलं आणि पॉइंट बायकोने घेतले. पुढे मंत्रिमहोदयांनी दुसरा संसार मांडायचं ठरवलं आणि बाईंनी पॉइंटांची गोष्ट बाहेर काढली. मंत्रिपद २०१२ मध्ये गेलं, २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. एवढ्याशा घाईपायी!

ह्यून यांचं चुकलं एवढंच, की त्यांना एकत्र कुटुंबपद्धती ठाऊक नव्हती. आपल्याकडे बायकोला कोण गुंतवतंय? आजोबा आहेत ना. त्यांचं लायसन्स कपाटात पडून आहे, लुनाच्या काळातलं. त्यांनी गेल्या पंधरा वर्षांत वॉकरखेरीज काही चालवलेलं नाही. नातू द्रुतगती मार्गावर १४० ने जाईल आणि पॉइंट आजोबांना बसतील. आजी नाहीत का? त्यांचंही काढून घेऊ, एजंट आहे. बारा अधिक बारा चोवीस. जावयाला घरातलं एक लायसन्स द्यायची नवी रीत पडेल आणि वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘शिल्लक पॉइंट’ असा रकाना येईल. वकिलांना तेव्हाही काम नाही ते नाहीच, सगळं घरातल्या घरात मिटेल.

तोवर वाचकांसाठी माझा सल्ला, फुकट. मी वकील नाही, तेव्हा तो ग्रुपवरच्या सल्ल्याइतकाच विश्वासार्ह समजा. सिग्नल तोडला असेल तर पूर्ण भरा, सेलची वाट बघू नका. गाडीच तुमची नसेल, नंबर चुकला असेल, तर वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रारीची सोय आहे, ती करा, तिचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि लोकअदालतीच्या नोटिशीला ‘समझोता मान्य नाही, कोर्टात बोलू’ असं लेखी उत्तर द्या. लायसन्सच्या सुनावणीचं पत्र आलं तर मात्र कंजुषी करू नका, वकील करा. आणि आरटीओच्या नोंदीत तुमच्या गाडीपुढे कुणाचा मोबाइल नंबर आहे, ते आज रात्रीच तपासा. पुष्कळांचा तो चुकीचाच असतो.