बाल्कनीतले भाऊजी

रविवारी दुपारी जेवणं झाली, की ताईची मागची आवराआवर व्हायच्या आत भाऊजी रिमोट शोधायला लागतात. "जरा जुनं काहीतरी लावू रे," असं म्हणतात. त्यातलं 'काहीतरी' आपलं म्हणायला. लागतो तो एकच. 'अशी ही बनवाबनवी'.

असा एक इसम घरटी असतोच. कुणाकडे 'शोले'वाला, कुणाकडे 'मैंने प्यार किया'वाला. आमच्या ऑफिसात एक 'झपाटलेला'वाले आहेत. पन्नाशी उलटली, तरी कुणाच्या टेबलावर बाहुली दिसली की खुर्ची लांब ओढून बसतात. पण ही सगळी किरकोळ मंडळी. भाऊजी म्हणजे त्या पंथाचे पीठाधीश.

भाऊजींना सिनेमा बघायचा नसतो, दाखवायचा असतो. अशोक सराफ तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजींचं वाक्य म्हणून झालेलं असतं. मग ते टीव्हीकडे बघत नाहीत, आमच्या तोंडांकडे बघतात. कोण हसलं, कोण नाही, याची हजेरी घेतात. सत्तर रुपयांचा प्रसंग जवळ आला की स्वयंपाकघरात वर्दी जाते, "अगं ये, आलं!" ताई तिथूनच "हसले हो," म्हणून सांगते. तीस वर्षांचा संसार आहे.

मध्येच रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवायचं आणि काळ उभा करायचा. "सप्टेंबर अठ्ठ्याऐंशी. रामायण जुलैत संपलेलं, महाभारत दोन ऑक्टोबरला सुरू व्हायचं होतं. मधल्या काळात देशाला बघायला होतं काय? हाच!" सचिन पिळगावकरांनी जणू ती फट हेरूनच सिनेमा काढला होता. पुढे ठरलेलं वाक्य, "आणि आम्ही तो बाल्कनीत बसून पाहिला. तुमच्यासारखा लोळून नाही."

मी एकदा वाचलेलं शहाणपण पाजळलं, की हृषीकेश मुखर्जींचा १९६६ सालचा 'बीवी और मकान' नावाचा सिनेमा होता, हे कथानक त्यावरून घेतलंय. भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे बावीस वर्षं आधीच आपला चोरून ठेवला की त्यांनी!" यावर काय बोलणार? मी खारी बुडवली. ती तुटून कपात पडली.

एका ठिकाणी मात्र ते चित्र थांबवत नाहीत. चौघं मित्र एका चौकटीत येतात, तेव्हा आवाज थोडा कमी करतात. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ राय, दोघेही २००४ सालीच गेले. "एकाच वर्षात," एवढंच म्हणतात आणि आवाज पुन्हा वाढवतात.

त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा पदराचा. लक्ष्याची पार्वती होते, तेव्हा साडीचा पदर उजव्या खांद्यावर असतो, असं भाऊजींनी आमच्या दोन पिढ्यांना शिकवलंय. "बायका डाव्या खांद्यावर घेतात. पण पुरुष साडी नेसला तर चुकणारच ना? तो बारकावा! आताच्या नटाला सुचेल?" आम्ही माना डोलावल्या. मी स्वतः हा बारकावा ऑफिसात दोनदा सांगून वाहवा मिळवलेली आहे.

परवा भाची कॉलेजातून आली होती. ती पहिल्यांदाच टीव्हीकडे नीट बघत म्हणाली, "बाबा, पदर डाव्याच खांद्यावर आहे."

होताच. पार्वतीचा होता, सचिनच्या सुधाचाही होता. इतकी वर्षं आम्ही सगळे टीव्हीकडे न बघता भाऊजींकडे बघत होतो.

भाऊजी डगमगले नाहीत. "नव्याने डिजिटल केलाय. त्यात बदललं असणार." भाची म्हणाली, "खांदा?" "हो, खांदा. ह्या लोकांचा काही भरवसा नाही. माझ्या आठवणीत अशोक सराफसुद्धा डावखुरे होते."

तेव्हा खाटेवर बसून लसूण सोलणाऱ्या ताईच्या सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "अरे, आपण मागनं बघितला होता ना तो."

मग सगळं बाहेर आलं. साताऱ्यात त्यांच्या गल्लीत गणपतीत सिनेमा दाखवत. बनवाबनवीही असाच एका गणपतीत आला. रस्त्याच्या मध्ये पांढरं कापड ताणून बांधायचं, एका बाजूला मशीन, त्याच्यापुढे पोती-सतरंज्या टाकून अख्खी गल्ली. पडदा यांच्या घराकडे पाठ करून असायचा. "आपल्या घरातनं फुकट दिसतंय म्हटल्यावर पोत्यावर कोण जाऊन बसतंय? हा गॅलरीत बसायचा, चुरमुऱ्याचं ताट मांडीवर घेऊन. रीळ बदलायला थांबले की पुढची पोरं मशीनच्या उजेडात हाताचे हरणं-कुत्रे करायची, ते ह्याला मागनं दिसायचे. तेवढ्यावरच खूश असायचा."

बाल्कनी! माणूस एका शब्दानेही खोटं बोललेला नव्हता.

खोलीत शांतता पसरली. ताई हात पुसत दारात आली. तीस वर्षांत एवढ्या उत्सुकतेने ती या सिनेमासाठी बाहेर आलेली मी पाहिली नव्हती. भाऊजी रिमोटच्या मागचं झाकण काढून सेल फिरवत बसले. सेलला काही झालेलं नव्हतं.

भाचीलाच वाईट वाटलं. तिने लॅपटॉप आणला, टीव्हीला वायर जोडली, काहीतरी खटपट केली आणि अख्ख्या चित्राचं डावं-उजवं करून टाकलं. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

भाऊजींनी मान वर केली. खुर्ची पुढे ओढली. त्या दुपारी त्यांनी एकदाही चित्र थांबवलं नाही, एकही वाक्य आधी म्हटलं नाही, आमच्या तोंडांकडे बघितलं नाही. पार्वती आली. पदर उजव्या खांद्यावर. भाऊजी नुसतं "हां" म्हणाले.

नावं आणि पाट्या अर्थातच सगळ्या उलट्या दिसत होत्या. आम्हाला एक अक्षर लागेना. भाऊजी धडाधड वाचत होते.