स्विचवाले गृहस्थ

स्विचवाले गृहस्थ ठाकुर्ली पूर्वेला, नव्वद फुटी रस्त्याच्या आसपास वाढलेल्या सोसायट्यांमध्ये आढळतात. साधारणपणे एका सोसायटीत एक असतो. दोन असले तर त्यांचे आपसांत बोलणे नसते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी ऐरोलीला किंवा बँकेतून व्हीआरएस घेतलेली, खिशात पेनाशेजारी टेस्टर. घर साडेपाचशे चौरस फुटांचे असते आणि त्यातल्या वायफायवर गृहस्थांचा काडीचाही विश्वास नसतो. ‘हवेतून आलेलं हवेतच जातं,’ हे त्यांचे आवडते वाक्य. भिंतीतून तार जाईल तेव्हाच नेट आले असे ते मानतात.

मराठी घरात स्विच म्हणजे पंख्याचे बटण. त्यामुळे गृहस्थांनी ‘स्विच आणतोय’ असे जाहीर केले की आई विचारते, ‘कुठला, बाथरूमचा का?’ इथून व्याख्यान सुरू होते. राउटरमधून आलेली एक तार स्विचमध्ये घालायची आणि तिथून टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर अशा अनेकांना तारा न्यायच्या, एवढेच खरे तर सांगायचे असते. पण गृहस्थ आधी हब सांगतात. हब म्हणजे चाळीच्या चौकात उभा राहून प्रत्येक पत्र मोठ्याने वाचणारा पोस्टमन. ज्याचे असेल त्याने घ्यावे, बाकीच्यांनी ऐकून सोडून द्यावे. स्विच तसे करत नाही. कोणत्या भोकापलीकडे कोणते यंत्र आहे हे तो त्या यंत्राच्या मॅक पत्त्यावरून लक्षात ठेवतो आणि माहिती ज्याची त्यालाच देतो. हा फरक गृहस्थ वॉचमनला, दूधवाल्याला आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या प्रत्येकाला सांगतात. स्वतः ते हब आहेत, हे सोसायटीत त्यांच्याशिवाय सगळ्यांना कळलेले असते.

ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे स्विचच्या इतिहासाला धीम्या लोकलचा पुरेसा वेळ मिळतो. इथरनेटची कल्पना १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांना सुचली. पहिला इथरनेट स्विच मात्र १९९० साली बाजारात आणला तो ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने. तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज होते, आणि १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. ‘नाव बघा, कल्पना! आपलं!’ हे वाक्य मुंब्र्याच्या आसपास येते. समोरचा तोवर झोपलेला असतो.

निवड हा या जीवनातला सर्वांत मोठा कालखंड. राउटरच्या मागे बहुधा तीनचार भोके असतात आणि त्यांतली दोन रिकामी असतात, म्हणजे स्विच लागतोच असे नाही. हा मुद्दा काढणाऱ्या पत्नीशी गृहस्थ दोन दिवस तुटक बोलतात. मग एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानदार विचारतो, ‘पाचचा देऊ का आठचा?’ शंभर एमबीपीएसचा की गिगाबिट, प्लॅस्टिकचा की पत्र्याचा, पंखा आहे की नाही, कॅमेऱ्याला तारेतूनच वीज देणारा आहे का, हे सगळे गृहस्थ विचारून घेतात. यातला गिगाबिटचा हट्ट मात्र रास्त आहे. नेटचा प्लॅन शंभरचा असला तरी घरातल्या घरात भाच्याच्या मुंजीचे वीस जीबीचे चित्रीकरण एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायला शंभरच्या स्विचला अर्ध्या तासाच्या आसपास लागतात, गिगाबिटला जेमतेम तीन मिनिटे. ते चित्रीकरण कुणी बघत नाही ही गोष्ट वेगळी.

तारेच्या बाबतीत गृहस्थ कुणाचे ऐकत नाहीत. टोक ब्लेडने खरवडून बघतात. आतून पांढरे निघाले तर तांब्याचा नुसता मुलामा आहे, खाली ॲल्युमिनियम. अस्सल तांब्याची कॅट-सिक्स पसंत पडली की अख्खी पेटीच घेतात, ३०५ मीटरची. घराला लागते वीस मीटर. उरलेली माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी जाते आणि पुढे गॅलरीत कपडे वाळत घालायला निघते. या कामी ती उत्तम टिकते.

क्लिप मारण्याचा विधी रविवारी सकाळी होतो. आठ बारीक तारा चिमटीत सरळ करत गृहस्थ स्तोत्र म्हटल्यासारखे पुटपुटतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नेमका निळ्याच्या वेळी कुकर शिट्टी देतो. निळी तार क्लिपमध्ये अर्धवट राहते, दिवा तरीही लागतो आणि पेढे वाटले जातात. शंभरच्या वेगाला चारच तारा पुरतात आणि निळी त्यांत नसते, गिगाबिटला मात्र आठही लागतात. परिणामी गिगाबिट स्विच तीन आठवडे शंभरवर चालतो. त्या तीन आठवड्यांत गृहस्थ सगळ्यांना सांगत असतात, ‘फरक जाणवतोय की नाही?’ सगळे हो म्हणतात.

वापरातली दुखणी बहुतेक विजेची. रेल्वेच्या गाड्यांसाठी वीज करणारे चोळ्याचे पॉवर हाऊस एके काळी याच ठाकुर्लीत होते, पण गृहस्थांच्या स्विचला त्याचा उपयोग नाही. राउटर इन्व्हर्टरवर असतो, स्विच साध्या प्लगवर. शिवाय आईला बाहेर पडताना घरातली सगळी बटणे बंद करायची सवय. स्विचचे बटण त्यातच.

आठ भोके भरली नाहीत की गृहस्थ मॅनेज्ड स्विचकडे वळतात. घराचे विभाग पाडतात: कुटुंब, पाहुणे, यंत्रे. प्रिंटर यंत्रांत जातो, लॅपटॉप कुटुंबात, आणि दोघांचा संबंध तुटतो. आधार कार्डाची प्रत काढायला घरचे मग स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात.

सर्वांत मोठा प्रसंग दसऱ्याच्या साफसफाईत येतो. टेबलाखाली स्विचमधून निघालेली एक तार लोंबत असते. आईला लोंबणारे काही चालत नाही. ती मोकळे टोक पुसते आणि त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात नीट बसवते. आता माहिती गोल फिरत राहते, प्रत्येक फेरीत वाढते, आणि सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकू लागतात. टीव्ही थांबतो, वायफायही जाते. गृहस्थ राउटर बंद-चालू करतात, नेटवाल्याला फोन करतात, तो ‘उद्या माणूस पाठवतो’ म्हणतो. मग पत्नी वाकून बघते. ‘अहो, ही दोन्हीकडून इथंच का घुसवलीय?’ ती एक टोक उपटते. दिवे शांत होतात.

त्या तारेला संध्याकाळपर्यंत लेबल लागते: ‘हात लावू नये.’ दुसऱ्या टोकाला पूर्वीप्रमाणेच काहीही जोडलेले नसते.